बाळंतिणीचा शब्द आणि डॉक्टरांचा अधिकार

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी आम्हांस ‘गर्भारपणातील आरोग्य’ हा विषय दिला आहे. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, आहार यांवर बोलून दिलेला वेळ सहज भरून काढता आला असता. परंतु ती माहिती प्रत्येक दवाखान्यात पत्रकावर छापलेली मिळते. त्यापेक्षा तपासणीच्या खोलीत मनात येऊनही विचारला न जाणारा एक प्रश्न आज आपणांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. डॉक्टर सांगतात, सर्व व्यवस्थित आहे. आणि त्या बाईला आतून वाटत असते की काहीतरी बिनसले आहे. अशा वेळी मानावे कोणाचे? यंत्राचे, पदवीचे की तिचे? आम्ही स्वतः पदवीवाले. तेव्हा आमच्या उत्तरात व्यवसायाचा जो पक्षपात उतरेल तो श्रोत्यांनी वजा करून घ्यावा.

आपल्यापैकी बेळगाव, निपाणी, खानापूर भागांतून आलेल्यांना सविता हलप्पनवार हे नाव ठाऊक असेल. माहेर बेळगावचे, शिक्षणाने दंतवैद्य, वय ३१, पतीसह आयर्लंडमधील गॉलवे शहरी वास्तव्य. आपल्यासारखेच देशांतर केलेले घर. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतराव्या आठवड्यात, पाठ दुखू लागली म्हणून त्या तेथील विद्यापीठ रुग्णालयात गेल्या. तपासून त्यांना घरी पाठविण्यात आले. काही तासांतच त्या परतल्या. वेदना असह्य आहेत, काहीतरी खाली येते आहे, असे त्यांनी सांगितले. आता मात्र गर्भपात अटळ असल्याचे दिसले आणि त्यांना दाखल करून घेण्यात आले. त्याच रात्री गर्भजलाची पिशवी फुटली. गर्भ वाचणार नाही हे सर्वांना कळून चुकले होते. मग तो काढून टाकावा, अशी विनंती सविताबाईंनी केली. बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने तसे करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. हा कॅथलिक देश आहे, असे आपण म्हटल्याचे प्रसूती विभागातील एका परिचारिकेने पुढे चौकशीत मान्य केले. २४ तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास त्यांना हुडहुडी भरली, दात वाजू लागले. खोली गार असावी असे समजून आणखी एक पांघरूण देण्यात आले, तापाची गोळी देण्यात आली. साडेसहा वाजता ताप ३९.६ अंश सेल्सिअस आणि नाडी मिनिटाला १६० होती. २८ ऑक्टोबरला रक्तातील जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला.

ह्या प्रकरणाची जगभर चर्चा झाली ती मुख्यतः कायद्याच्या अंगाने. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या सुमारे ६६ टक्के मतदारांनी घटनेतील ते कलम काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु ह्या घटनाक्रमाचा विचार करताना डॉक्टर म्हणून आमची नजर त्या पांघरुणावर अडखळते. आतून थंडी वाजते, हे तिचे सांगणे होते; आणि पिशवी फुटलेल्या बाईला हुडहुडी भरणे ही जंतुसंसर्ग रक्तात उतरल्याची खूण असू शकते, हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातच लिहिलेले आहे. दाखल करतानाच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. त्या अहवालाचा पाठपुरावा झाला नाही. नाडी आणि ताप ठरलेल्या वेळी मोजले गेले नाहीत. २०१३ साली त्या देशाच्या आरोग्य गुणवत्ता प्राधिकरणाने हुकलेल्या १३ संधी मोजून दाखविल्या. म्हणजे तेथे बाईचे ऐकले गेले नाही आणि विज्ञानाचेही ऐकले गेले नाही. ऐकले गेले ते अधिकाराचे.

आमच्या मते हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. लोक म्हणतात, एका बाजूला स्त्रीचे अंतर्मन आणि दुसऱ्या बाजूला वैद्यकशास्त्र. प्रत्यक्षात ही दोन्ही पुष्कळदा एकाच बाजूला असतात आणि समोर उभी असते ती खुर्ची.

वैद्यकाच्या इतिहासात ह्याचे एक जुने उदाहरण आहे. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात शंभर बाळंतिणींमागे साधारण दहा मरत, दुसऱ्यात तीन ते चार. कोणत्या दिवशी आलेली बाई कोणत्या विभागात जाणार हे वारावर ठरत असे. गावातील गरीब बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत. काही जणी तर रस्त्यातच बाळंत होणे पत्करीत. विद्वान मंडळी काय म्हणत होती? हवा दूषित आहे, आणि बायका उगाच घाबरतात. त्यांची भीती हेच मृत्यूचे एक कारण म्हणून गंभीरपणे चर्चिले गेले होते. इग्नाझ सेमेलवाइस ह्या डॉक्टरांनी १८४७ साली दाखवून दिले की शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हातांवरूनच विष बाळंतिणीच्या अंगात जात होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्या बायकांना जंतू म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. ते तर तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु कोठे मरण आहे हे त्यांनी शेजारणींकडून ऐकून, मोजून, ताडले होते. आपण ज्याला अंतर्ज्ञान म्हणतो ते बहुधा असे, अनुभवातून साठलेले आणि ज्याला कागद मिळालेला नाही असे ज्ञान असते.

परंतु येथे थांबलो तर आम्ही आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. बाईला जे वाटते ते नेहमी खरे ठरत नाही. गर्भारपणात रक्तदाब वाढतो तेव्हा पुष्कळ जणींना काहीच जाणवत नाही. १६० वर ११० दाब घेऊन हसतमुखाने तपासणीला आलेल्या स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना आतून अगदी उत्तम वाटत होते, आणि झटका येण्यास काही तासांचाच अवकाश होता. वार खाली असेल तर पहिला रक्तस्राव वेदनेशिवाय होतो. गर्भारपणातील मधुमेह तर बोलतच नाही. म्हणून ज्या तराजूत आम्ही हा प्रश्न तोलतो त्याची दोन पारडी सारखी नाहीत. ‘काहीतरी बिनसले आहे’ असे ती म्हणाली, तर तो पुरावा समजावा, आणि तो खोटा ठरेपर्यंत खरा मानून तपास करावा. ‘सगळे ठीक आहे, तपासणीची गरज नाही’ असे ती म्हणाली, तर तो पुरावा मानू नये. तेथे यंत्र लावावेच. तीच गोष्ट डॉक्टरांची. न तपासता दिलेला ‘काही होत नाही’ हा दिलासा, मग तो कितीही मोठ्या पदवीचा असो, आम्ही पुराव्यात धरीत नाही.

परंपरेला तर आणखीच सावधपणे तपासले पाहिजे. आज आपल्या बैठकांतून ‘आजीबाईचे शहाणपण’ पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. आजी आदरणीय आहे; पण तिच्या काळी पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत होती. त्याच पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी बाळाचे तोंड मिटे, अंग ताठ होई आणि ते जाई. नशीब सटवाईने लिहिलेले नव्हते, ते नाळेवर लावलेल्या शेणाने आणि गंजक्या पात्याने लिहिलेले होते. लस आणि स्वच्छ पाते ह्यांच्या बळावर भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. आपण ज्या भूमीवर राहतो तेथेही असेच होते. बाळंतपणानंतर योनिमार्गात खडे मीठ भरण्याची प्रथा आखाती प्रदेशात होती. त्याने मार्ग आक्रसून पुढचे बाळंतपण जीवघेणे होई. १९६० च्या दशकातील वैद्यकीय नियतकालिकांत ह्याच्या नोंदी आहेत. १९६० साली शेख झायेद ह्यांच्या निमंत्रणावरून पॅट आणि मेरियन केनेडी हे डॉक्टर दांपत्य अल ऐनला आले आणि मातीच्या विटांच्या घरात त्यांनी दवाखाना सुरू केला. तोच पुढे ओअॅसिस रुग्णालय झाला आणि आता कनाद ह्या नावाने ओळखला जातो. ‘कनाद’ म्हणजे स्थानिकांच्या जिभेवर रुळलेले ‘केनेडी’. मेरियनबाईंकडे वाळवंटातील बायका येऊ लागल्या, कारण समोर बाई होती. विश्वास आधी बसला, औषध मागून आले.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले, परंपरेने चालत आले म्हणून स्वीकारू नका आणि गुरूने सांगितले म्हणूनही स्वीकारू नका. त्यात सासूबाईंचा काढा जसा येतो तसा आमचा पांढरा कोटही येतो.

सुईणीबद्दल एक गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. महाराष्ट्रातील अनेक गावांत बाळंतपण करणारे हात मातंग आणि महार स्त्रियांचे होते. कळा सुरू असताना तो हात चाले. वार पडली, नाळ कापली, की घर शिंपडून शुद्ध केले जाई. म्हणजे ज्ञान तिचे आणि विटाळही तिचाच. उत्तर प्रदेशात १९५० नंतरच्या दशकांत दलितांनी ‘नारा-मवेशी’ आंदोलन करून मेलेली जनावरे ओढण्याबरोबरच नाळ कापण्याचे कामही नाकारले, ते योग्यच होते. सक्तीची गावकी गेली ह्याचा खेद कोणी करू नये. पण त्या स्त्रियांना बोटांनी कळत असलेले पुष्कळ काही कोणीही लिहून घेतले नाही, हे वैद्यकाचे नुकसान झाले. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी निराळी वाट धरली. गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर आणि त्यांत कितीतरी दलित, अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. तोच हात, पण आता धुतलेला, शिकलेला आणि मानाचा.

आता आपल्या येथील परिस्थितीकडे येतो. दुबई, शारजा, अबुधाबी येथे प्रसूती रुग्णालयातच होते, यंत्रसामग्री उत्तम असते. परिचारिका केरळच्या किंवा फिलिपाईन्सच्या, डॉक्टर इजिप्तचे, सीरियाचे, पाकिस्तानचे किंवा आमच्यासारखे. खाटेवरची बाई नांदेडची, अकोल्याची. तिला इंग्रजी येते, दुकानात आणि शाळेत पुरते इतके येते. पण कळा आल्यावर माणूस आईच्या भाषेत कण्हतो. मराठी बाई सांगते, ‘कसंतरी होतंय’. ह्याचे भाषांतर होऊन नोंदीत येते, ‘विशेष तक्रार नाही’. ती म्हणते, ‘जीव घाबरा होतोय’. नोंदीत येते, ‘रुग्ण चिंताग्रस्त’. वास्तविक जीव घाबरा होणे म्हणजे चिंता नव्हे. त्यात धाप असते, छातीतली धडधड असते, पोटात रक्तस्राव होत असेल तर हेच शब्द तोंडी येतात. ‘पित्त झालंय’ म्हणून जी उजव्या बरगडीखाली हात ठेवते तिला आम्ही आम्लपित्ताची गोळी देण्याआधी रक्तदाब पाहतो, कारण गर्भारपणातील रक्तदाबाने यकृत सुजले की दुखते ते तेथेच. ‘पोट दगडासारखं झालंय’ हे वाक्य ऐकले की आम्ही हातातला चहा खाली ठेवतो; वार सुटत असल्याची ती खूण असू शकते.

भाषांतर करणारे बहुधा पतिराज असतात, आणि येथे आम्हांस बंधूंशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातील एक भगिनी आमच्यासमोर होत्या. ह्यांना जरा काळजी वाटते आहे, असे पतीने सांगितले. मराठी डॉक्टर समोर आहेत हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, ‘बाळ काल दुपारपासून गप आहे. आधी रात्री लाथा मारायचं, आता नुसतं सरकतं.’ काळजी हा शब्द त्यांनी उच्चारलाही नव्हता; त्यांनी निरीक्षण सांगितले होते, वेळेसह. ठोक्यांचा आलेख काढला तो चांगला नव्हता. सायंकाळी सिझेरियन झाले. ते बाळ आता शाळेत जाते. पतीचा हेतू वाईट नव्हता. डॉक्टरांचा वेळ जाऊ नये, बायकोचे हसे होऊ नये, एवढेच त्यांच्या मनात होते. परंतु एक दिवसाचे निरीक्षण ‘जरा काळजी’ ह्या दोन शब्दांत विरघळून गेले असते.

ऐकण्यालाही किंमत मोजावी लागते, हे लपवून चालणार नाही. बाळाच्या हालचालींबद्दल मातांना जागरूक करून लगेच तपासणी करण्याचा एक मोठा प्रयोग ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झाला. त्यात चार लाखांहून अधिक गर्भधारणांचा समावेश होता. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत बालकांच्या जन्माचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही, आणि औषधाने कळा आणण्याचे व सिझेरियनचे प्रमाण मात्र वाढले. म्हणून ऐकणे म्हणजे लगेच सुरी हातात घेणे नव्हे. ऐकणे म्हणजे बघणे, मोजणे, आणि दोन तासांनी पुन्हा विचारणे.

सिझेरियनचा विषय निघालाच आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सरकारी रुग्णालयांत सुमारे १४ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. बाईचे शरीर तेच, इमारत बदलली की इतका फरक पडतो. ह्यात निसर्गाचा दोष नाही हे सांगावयास डॉक्टर लागत नाही. (मुहूर्त काढून पोट फाडून घेणाऱ्यांबद्दल ह्या सभागृहात काही बोलण्याची गरज नसावी.) ह्याहून भयंकर प्रकार आपल्याच मराठवाड्यात घडला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून जाते, कंबर दुखते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या कितीतरी जणींना कर्करोगाची भीती घालण्यात आली. आणि ज्या ठिकाणी बायकांना खरोखर विचारले गेले तेथे काय सापडले? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग ह्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली प्रसिद्ध केले की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार होता. त्याआधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. दुखणे होते, शब्दही होते, विचारणारे नव्हते.

निर्णय कोणाचा, ह्या प्रश्नावर बाबासाहेबांची भूमिका फार पूर्वीच स्पष्ट झालेली आहे. पाच अपत्यांपैकी चार गमावलेल्या घरातला तो माणूस होता. माता रमाईंचे दुःख त्यांनी जवळून पाहिले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम ह्यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. मूल हवे की नको हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावे, हा त्यामागचा विचार होता. ठराव फेटाळला गेला, आणि सविता हलप्पनवार त्यानंतर ७४ वर्षांनी गेल्या. आपण राहतो त्या देशात खाजगी नोकरीतील स्त्रीला २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने ६० दिवसांची प्रसूतिरजा मिळते, त्यांतील ४५ दिवस पूर्ण वेतनाची. आमच्या भगिनी ती घेण्यास कचरतात, हे बरे नव्हे.

तेव्हा व्यवहारात काय करावे? जे जाणवले ते वेळ घालून वहीत लिहून ठेवावे. ‘काल दुपारी तीनपासून’ हे शब्द कोणत्याही डॉक्टराला टाळता येत नाहीत. घरी पाठविले आणि त्रास वाढला, तर परत जाण्यात संकोच करू नये. शस्त्रक्रिया सुचविली तर तीन गोष्टी विचाराव्यात: का, आत्ताच का, आणि थांबलो तर काय होईल. चांगला डॉक्टर ह्याने रागावत नाही. रागावला तर दुसऱ्याचे मत घ्यावे. कळांच्या वेळी शेजारी विश्वासाचे माणूस असावे. २६ चाचण्यांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव तपासून २०१७ साली असे दिसून आले की सतत सोबत असली तर नैसर्गिक प्रसूती वाढतात आणि कळांचा काळ आखडतो. आईला व्हिसा मिळाला नाही तर आपल्या संस्थेतील ज्येष्ठ भगिनींनी पाळी लावावी. महिला शाखेकडे तशी यादी तयार करण्याचे काम आजच सोपविता येईल. आणि भयंकर डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, रक्तस्राव, हुडहुडी किंवा बाळाचे गप्प होणे ह्यांपैकी काही रात्री दोनला झाले, तर सकाळची वाट पाहू नये, टॅक्सीही शोधत बसू नये. ९९८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि फोनवर बाईलाच बोलू द्यावे.

जयभीम.